पात कोत्ता

यात्रेत बातमी माणसाच्या आधी राहुटीत पोचते. गुणवंतराव वाळू तुडवत, उपरण्याने घाम पुसत जेवायला आले, तेव्हा रुखमाबाईने त्यांची पत्रावळ मांडून ठेवली होती आणि पत्रावळीच्या मधोमध वैनगंगेतला एक गोल, पांढरा गोटा ठेवला होता.

“हे काय वो, वैनी?”

“भात.”

“हा तं गोटा आहे.”

“तुमाले गोटा दिसते. तुमची नजर मोठी! जा, यात्रेत उभं राहून सांगा चार लोकाइले, का आमच्या वैनीचा भात खोटा आहे म्हून.”

कनातीच्या आड बाळीला पाजत बसलेल्या सुनेने, रंभाने, पदराचा बोळा तोंडात कोंबला. आई एकाएकी कशाने हलायला लागली हे बघायला बाळीने दूध सोडून मान वर केली, आणि ओठांवर दुधाचा थेंब तसाच ठेवून तीही हसली.

गुणवंतरावांनी गोटा उचलला. रागावलेल्या वहिनीपुढेसुद्धा त्यांना राहवेना. तो गोटा त्यांनी उजेडात धरून फिरवून पाहिला, अंगठ्याने चोळला आणि मग बाजूला ठेवला. “मी काय खोटं बोललो?” ते म्हणाले.

खोटं ते बोलले नव्हते, हीच तर अडचण होती.

काल शिवरात्र झाली, आज पारणं. मार्कंड्याच्या वाळूत उंबराच्या झाडाखाली गुणवंतरावांचे थोरले भाऊ बापूजी यांची राहुटी आणि चांद्याच्या जलालुद्दीन भांडेवाल्याचं पाल शेजारीशेजारी पडायचं, हे दोघांच्या वडलांपासून चालत आलेलं. पारण्याच्या दिवशी ऊन कललं की दोन्ही घरं एकत्र जेवायची. भात-वरण इकडचं, गुलगुले तिकडचे. रुखमाबाईच्या सासूच्या काळात ते गुलगुले फक्त पुरुष खायचे आणि बाया नुसता वास घ्यायच्या. रुखमाबाईने घराचा कारभार हाती घेतला त्या वर्षी पहिला गुलगुला तिने सर्वांदेखत तोंडात टाकला, आणि विषय संपवला.

यंदा जलालुद्दीनच्या पालाशेजारी आणखी एक छोटं पाल होतं. ते त्याच्या मुलाचं, मुश्ताकचं. मुश्ताकला घागरी-गुंड्यांमध्ये रस नव्हता. बाया मोडीत जुनं पितळ घालायच्या, त्यातले दिवे, पानपुडे, घंटा, सुपारी कातरायचे सरोते तो भट्टीत जाण्याआधी बाजूला काढून ठेवायचा. हे वेड त्याला लावलं होतं गुणवंतरावांनीच. त्यांच्या घरात सरोत्यांनी एक अख्खी भिंत भरली होती. चांद्याला गेले की ते मुश्ताकला मोडीच्या ढिगापाशी घेऊन बसत आणि एकेक सरोता उघडून-मिटून दाखवत. शेवटी जलालुद्दीनने पोराला एक यात्रा दिली होती. लोकांनी भरवसा ठेवला तर जुन्या वस्तूंचं दुकान तुझं. नाही ठेवला तर परत येऊन तराजू धरायचा, आणि पुन्हा नाव काढायचं नाही.

आणि आज सकाळी एक मोराच्या मुठीचा सरोता हातात धरून मुश्ताक ओरडत होता, “राजाच्या जुन्या किल्ल्यातला! पाह्यून घ्या, किल्ल्यातला!” चामोर्शीकडचे एक पाटील समोर बसले होते. त्यांच्याकडे पोराचं लग्न होतं, आणि हळद लागल्यावर नवरदेवाच्या हाती द्यायला त्यांना चारचौघांत दिसेल असा सरोता हवा होता. सौदा ठरल्यातच जमा होता. तेवढ्यात गुणवंतराव आले. त्यांनी दुरूनच पात पाहिली. पात निळसर होती आणि मधोमध तिला किंचित बाक होता. आलापल्लीहून सागवान वाहणाऱ्या मोटारींच्या चाकांवरच्या पोलादी कमानी तुटल्या की त्या पट्ट्यांचे विळे होतात, कोयते होतात. गुणवंतरावांना ते लोखंड अंधारातही ओळखू आलं असतं.

“काऊन बे मुश्ताक,” ते मोठ्याने म्हणाले, “राजाच्या किल्ल्यात मोटार होती का?”

सगळा रस्ता हसला. पाटलांनी सरोता हळूच खाली ठेवला आणि धोतर झटकत उठले. दुपारपर्यंत पोरं मुश्ताकच्या पालावरून जाताना तोंडाने भोंगा वाजवायला लागली होती. पों, पों.

बापूजी जेवून हात धुऊन आले. धाकट्या भावाशी ते आवाज चढवत नसत. चढवायची गरजच पडत नसे.

“तुले काय गरज होती गा, गुणवंता?”

“भाऊ, पाटील घेऊनच राह्यला होता. मी डोळ्यानं पाहून गप्प बसू?”

“त्याच्या कानात सांगायचं.”

“अन् त्याच्या मांगून येईन त्याच्या कानात कोन सांगन? मी काय दिवसभर तिथी उभा राहून एकेकाचा कान धरू?” गुणवंतरावांना आता जोर आला. “ज्याले समजते त्यानं तोंड शिवून घेतलं, का खोटा मालवाला राजा होते. मग खरा जुना माल विकनाऱ्याले कोनी पुसत नाई. हे मी माह्यासाठी बोललो का? मले तं थो सरोता घ्यायचाबी नोहता!”

“ज्याले घ्यायचा नाई त्यानं पुढं जावं.”

“वा! मंग मागच्या साली रुद्राक्षवाल्याचा बोरीच्या बियांचा हार धरला मी, तवा तुमीच पाठ थोपटली!”

“थो परका होता.”

“म्हंजे खोटं परक्याचं असलं तर बोलायचं, अन् घरच्याचं असलं तर गिळायचं?”

 बापूजी चिलीम शोधायला लागले. मदतीला रुखमाबाई धावली. तिने अखेर गोट्याच्या जागी भात वाढला होता, पण वरण अजून तिच्याच हातात होतं.

“भाऊजी, मुश्ताक खोटारडा आहे का?”

“मी कधी म्हनलं? मी सरोत्याले खोटा म्हनलं. पोराले नाई.”

“लोकाइनं काय ऐकलं?”

गुणवंतरावांनी घास उचलला आणि तसाच ठेवला. भात कोरडा होता. रुखमाबाईने त्यांच्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि त्यावर वरण ओतलं. पण ती जिंकली होती हे रंभाला कनातीआडूनही समजलं, कारण काकाजींनी दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

---

मुश्ताकने पाल बंद केलं नव्हतं. बंद केलं असतं तर लोक म्हणाले असते, पाह्य, पळाला. तो बसून होता. दिवे मांडून ठेवलेले, घंटा मांडून ठेवलेल्या, आणि गिऱ्हाईक येत होतं ते एकच वाक्य घेऊन: “थो मोटारवाला सरोता दाखवा ना जरा.” बघायचे, हसायचे, जायचे. एका म्हाताऱ्याने खरीखुरी जुनी समई उचलली आणि विचारलं, “ही कोन्या मोटारीची?”

सगळ्यांत जास्त काय लागलं ते त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नसतं. रस्ता हसला त्याचं काही नाही. पण काकांना वाटलं की आपण जाणूनबुजून ओरडत होतो? ज्यांनी सरोता उघडायला शिकवलं त्यांनाच?

शेजारी जलालुद्दीन कोपर या पसरट पितळी भांड्यावर चिंच घासत होता. सकाळपासून तो या विषयावर एक अक्षर बोलला नव्हता. आता त्याने कोपर पालथं ठेवलं.

“चल. भाऊच्या इथी जेवायले जायचं हाय.”

“मी नाई येत, अब्बा.”

“काऊन? भूक नाई?”

“तोंड नाई.”

“तोंड तं दिसून राह्यलं मले. बेटा, बोलणाऱ्याच्या समोर जाऊन बसावं. मांगं बसलं का थो आनखी मोठ्यानं बोलते.” त्याने गुलगुल्यांची परात पोराच्या हाती दिली. “अन् अम्मीनं पहाटेपासून तळले. थंडे होऊन राह्यले.”

मुश्ताकने परात घेतली. पण निघण्याआधी त्याने तो सरोता रुमालात गुंडाळून खिशात घातला. नदी चार पावलांवरच होती.

---

ऊन कललं होतं. उंबराची सावली वाळूवर लांब पसरली होती आणि नदीकडून गार वारा सुटला होता. बापूजींनी स्वतः पुढे होऊन जलालुद्दीनला घोंगडीवर बसवलं. दोघांचे गुडघे एकाच वेळी करकरले, तेव्हा दोघंही हसले, आणि रुखमाबाईच्या जिवात जीव आला. चला, निदान हे दोघे तरी ठीक आहेत.

“आपन जाग्यावरून हाललो नाई, अन् राज्य बदलून गेलं,” बापूजी म्हणाले. “गेल्या यात्रेत मध्य प्रदेशात बसून जेवलो, औंदा मुंबई राज्यात.”

“वरणाची चव तं तीच हाय, भाऊ.”

मुश्ताक पंगतीच्या टोकाला बसला होता, गुणवंतरावांच्या बरोबर समोर. गुणवंतराव त्याच्याकडे बघत नव्हते. ते वांग्याच्या भाजीकडे फार लक्षपूर्वक बघत होते.

बापूजींनी घसा साफ केला. मोठ्या भावाने बोलायचं, माफी मागायची आणि गुलगुले वाटायचे, असा त्यांचा बेत होता. “जलालभाई, सकाळी आमच्या गुणवंतानं जे केलं थे बरोबर नोहतं. मी त्याले…”

“बरोबर होतं,” जलालुद्दीन म्हणाला.

बापूजींचा हात हवेतच राहिला.

“काय म्हनता?”

“बरोबर होतं म्हनतो. भाऊ, उद्या माह्या पालात मी गिलटाचं भांडं पितळ म्हून विकलं, अन् तुमी पाह्यलं अन् गप्प राह्यले, तं तुमी माहे दोस्त कायचे? दुश्मन बोलला तं लोक म्हनतीन, जलते. दोस्त बोलला तं मानतीन. बाजारात माल मांडला, तं बाजारात सवाल होनारच. कान में बोलने की चीज नहीं.”

“पाह्यलं?” गुणवंतराव उसळले. “पाह्यलं, भाऊ?”

“तू बस खाली!” बापूजी आता खरंच तापले. “जलालभाई, मी तुमच्या पोरासाठी सकाळपासून माह्या सख्ख्या भावाशी भांडून राह्यलो, अन् तुमी त्याच्याच बाजूनं?”

“मीबी भांडली!” रुखमाबाई पळी घेऊन उभी होती. “मी तं गोटा वाढला होता!”

“गोटा?” जलालुद्दीनने विचारलं.

“जाऊ द्या थे,” गुणवंतराव पुटपुटले.

“पन गुणवंतराव,” जलालुद्दीन त्यांच्याकडे वळला, आणि आवाज तितकाच मऊ ठेवून म्हणाला, “एक पुसू का? थो सरोता तुमी हाती घेतला होता?”

गुणवंतराव पुन्हा वांग्याच्या भाजीकडे वळले.

“मी घागर पाह्यतो ना, तं ठोकून पाह्यतो. मंग बोलतो. तुमी तं दुरूनच बोलले. माह्या पोराले हेच शिकवलं का तुमी? त्याले तं तुमी म्हनत होते, उघड, मीट, वजन पाह्य, मंग तोंड उघड.”

 कनातीपलीकडे बाळी काहीतरी बडबडत होती आणि रंभा तिला “वद्दु, वद्दु”, नको नको, करत होती. रंभा सिरोंच्याची. लग्नाला दोन उन्हाळे झाले तरी लेकराशी बोलताना तिच्या तोंडी तेलुगूच यायचं, आणि रुखमाबाई म्हणायची, पोट्टी मराठीत रडते अन् हे तेलंगीत समजावते.

मुश्ताकने खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि सरोता गुणवंतरावांच्या पत्रावळीशेजारी ठेवला.

“घ्या काका. मी नदीत टाकनार होतो. मंग म्हनलं, तुमीच टाका.”  “पन मी झूट नोहतो बोलत. मले जसं सांगतलं तसं मी सांगतलं.”

“कोनं सांगतलं तुले किल्ल्यातला?”

“सिरोंच्याच्या लोहारानं. त्याच्या बापाच्या पेटीतला सरोता होता. त्याले हिंदी येत नोहती बराबर, मराठीबी अर्धी. मी पुसलं, कितना पुराना है. थो भाता मारून राह्यला होता. त्यानं पातेवर नखानं असं टकटक केलं अन् सांगतलं… दोनदा सांगतलं, काका, मले आतापन आठवते. तेलुगू थोडी येते ना मले. पाता म्हंजे जुना, कोटा म्हंजे किल्ला. थो म्हने, पात कोत्ता, पात कोत्ता.”

कनातीआडून एक विचित्र आवाज आला. आधी वाटलं बाळीला ठसका लागला. मग कळलं की हसणारी रंभा आहे, आणि ते हसू पदराच्या बोळ्याने थांबण्यातलं नाही. सासरा, चुलत सासरा, नवऱ्याच्या घरचा पाहुणा, सगळे समोर बसलेले, आणि घरची सून खळाळून हसत होती.

“रंभे!” रुखमाबाई दटावायला गेली.

“बाई… बाई, माफ करा.” डोक्यावरचा पदर सावरत, बाळीला कडेवर घेऊन रंभा कनातीच्या कडेशी आली. डोळ्यांत पाणी आलेलं. “थो कोटा नाई म्हनला. कोत्ता म्हनला.”

“मंग?” मुश्ताक म्हणाला.

“कोटा म्हंजे किल्ला. कोत्ता म्हंजे नवा!”

कुणाला काही समजलं नाही. रंभाने मान खाली घातली. एवढ्या लोकांसमोर इतकं बोलायची तिची ही पहिलीच वेळ. पण थांबणंही शक्य नव्हतं.

“आमच्याकडे मराठी गिऱ्हाईक आलं का लोक दोन्ही मिसळून बोलतेत. पातेवर टकटक केलं म्हनता ना? पात… तुमचीच पात, सरोत्याची. पात कोत्ता. पात नवी आहे, असं सांगून राह्यला होता थो. दोनदा.”

बापूजींची चिलीम विझली होती, ती त्यांनी तशीच ओढली.

“म्हंजे लोहार,” ते सावकाश म्हणाले, “स्वतःच सांगून राह्यला होता, का बाबा पात मी नवी बसवली?”

“अन् मी किल्ला घेऊन आलो,” मुश्ताक म्हणाला.

सगळ्यांत आधी जलालुद्दीन हसला. पोट धरून, मांडीवर थाप मारून, अगदी डोळे पुसत. “अरे किल्ला! पूरा किल्ला उठा लाया!” मग रुखमाबाई. मग मुश्ताकचं स्वतःचंच तोंड त्याला न विचारता फाकलं.

“पन थांब वं पोरी,” रुखमाबाईला मध्येच शंका आली. “मुश्ताक म्हनते पाता म्हंजे जुना. थे खोटं का?”

“नाई बाई, थेबी खरं. आमच्यात पाता म्हंजे जुनाच.” रंभाने क्षणभर विचार केला, आणि तिचे डोळे पुन्हा चमकले. “तसं धरलं तं पात कोत्ता म्हंजे जुना-नवा.”

“मंग थो काय म्हनला? पात नवी म्हनला, का जुना-नवा म्हनला?”

“थे त्यालेच ठाऊक. पन कसंबी धरलं तरी थो खरंच बोलला.”

फक्त गुणवंतराव हसत नव्हते. जुना-नवा हा शब्द ऐकल्याबरोबर त्यांनी हात धोतराला पुसून सरोता उचलला होता. पात त्यांनी बोटाने झाकून टाकली. आता फक्त मूठ दिसत होती. मोराची मान झिजून गुळगुळीत झालेली, डोळ्याच्या जागी नुसता खळगा. त्यांनी तो उघडला, मिटला. कपाळाला आठी पडली. सरोता त्यांनी उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, आणि आठी गेली.

“वैनी, सुपारी द्या.”

“जेवन व्हायचं आहे अजून.”

“द्या ना वो!”

डाव्या हाताने त्यांनी सुपारी कातरली. अंगठा मोराच्या पाठीवरच्या खोलगट जागेत असा बसला, जणू कुणी तिथे आधीच जागा धरून ठेवली होती.

“डावखोऱ्याचा आहे,” ते म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. “पाह्य मुश्ताक, अंगठा पाह्य कुठी झिजवला त्यानं. अख्खा जनम एकाच मानसानं वापरला असन. माह्या भिंतीवर एवढे आहेत, पन डावखोऱ्याचा एक नाई. अशी झीज व्हायले किती वर्सं लागली असतीन बे… अन् मी मोटार मोटार करत बसलो.”

मुश्ताक वाळूवरून सरकत त्यांच्या शेजारी आला होता. दोन डोकी एका मुठीवर वाकली. पत्रावळीतली वांग्याची भाजी थंड होऊन गेली, पण रुखमाबाईने या वेळी टोकलं नाही. तिने फक्त दोन गुलगुले घेतले आणि दोघांच्या मोकळ्या हातांत एकेक ठेवला.

“काका,” थोड्या वेळाने मुश्ताक म्हणाला, “आपल्याले समजलं. पन यात्रेनं तं मोटारच ऐकली.”

“उद्या सांगतो ना मी.”

“कानात?” बापूजींनी विचारलं.

“नाई भाऊ. जेवढ्यानं म्हनलं तेवढ्यानंच.”

---

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंतराव मुश्ताकच्या पालासमोर उभे राहिले आणि ओरडले, “आइका हो! या सरोत्याची पात नवी, मूठ जुनी! मूठ अस्सल आहे, मी पाह्यली! काल मी हाती न घेता बोललो!”

लोक थांबले. ऐकलं. आणि एक जण म्हणाला, “काल खोटा, आज अस्सल. किती खाल्ले गा, गुणवंतराव?”

पुन्हा रस्ता हसला. गुणवंतरावांचे कान लाल झाले. त्यांनी दुसऱ्यांदा ओरडून पाहिलं, तर हसू वाढलंच. नदीवरून अंघोळ करून परतणारे बापूजी हे दुरून बघत होते. कानात सांगायचं, हे त्यांचं कालचं म्हणणं आज पुरं खरं ठरलं होतं, आणि ठरल्याचा आनंद मात्र अजिबात होत नव्हता. गुणवंताने हताश होऊन खाली हात सोडलेले त्यांना याआधी एकदाच दिसले होते, आई गेली तेव्हा.

“सरका काका,” मुश्ताक म्हणाला.

तो फळीवर चढला. “काल मी ओरडलो, किल्ल्यातला. कोनी सांगतलं मले किल्ला, माहित हाय?” आणि त्याने सांगितलं. लोहाराचा भाता, नखाची टकटक, पात कोत्ता. स्वतःचं शहाणपण त्याने असं रंगवलं की काकांची मोटार फिकी पडली. “तेलुगू येते म्हने मले! येते ना. किल्ला उचलून आनन्याइतकी येते!” सिरोंच्याकडून आलेल्या एका कुटुंबाने तर रस्त्यातच बसकण मारली, त्यातली एक म्हातारी पोट धरून “कोत्ता, कोत्ता” म्हणत आपल्या सुनेला कोपराने ढोसत होती. लोक आजही हसले, पण आज मुश्ताक त्यांच्यासोबत हसत होता.

मग तो खाली उतरला आणि पालातला सगळा माल उपसून त्याने तीन ढीग केले.

“हा जुना, ज्याचं मले पक्कं माहित हाय. हा नवा. अन् हा…” तिसरा ढीग वाढतच गेला. समया, घुंगरू, कसल्याशा कड्या, झाकण नसलेल्या डब्या. “हा माहित नाई.”

“माहित नाई म्हंजे?”

“म्हंजे मले माहित नाई. तुमाले असन तं सांगा. मोठ्यानं सांगा.”

घडीभरात पहिल्या दोन ढिगांपाशी एकेकटं माणूस उरलं आणि तिसऱ्यापाशी झुंबड उडाली. जो तो एकेक वस्तू उचलून भांडत होता. ही घंटा बैलाची. नाई गा, हत्तीची. हत्ती कुठी आला तुह्या गावात? लोक सरोता डाव्या हातात धरून बघत होते, उजव्या हाताचे लोकसुद्धा, आणि सुपारीचे तुकडे वाळूत उडत होते. चामोर्शीचे पाटील केव्हा येऊन उभे राहिले कुणाला कळलं नाही. त्यांनी पात निरखून पाहिली. “मोटारीचं लोखंड मजबूत राह्यते,” ते जणू स्वतःशीच म्हणाले, आणि पैसे मोजून, सरोता कमरेच्या पिशवीत टाकून मुश्ताकला म्हणाले, “लग्नाले ये. थे किल्ल्याचं माह्या व्याह्याले सांगजो.”

जलालुद्दीन आपल्या पालातून हे ऐकत होता. त्याने तराजू उचलला, पुसला आणि स्वतःच्याच डाव्या हाताला टांगला. पोराला तो धरायला हाक मारली नाही.

रंभा बाळीला कडेवर घेऊन सासूबरोबर आली तेव्हा गर्दीतल्या एकाने तिसऱ्या ढिगातून एक पितळी वस्तू काढली होती. मुठीएवढी, चार पायांची, पोटात भोक, पाठीवर कसलीशी नक्षी. कुणी म्हणे दिव्याचा पाय, कुणी म्हणे खेळणं.

“गुणवंतराव! हे काय आहे? जुनं का नवं? तुमी सांगा.”

 मुश्ताकसुद्धा हातातलं काम सोडून बघायला लागला.

गुणवंतरावांनी ती वस्तू हाती घेतली. तोलली. भोकात बोट घालून पाहिलं, उजेडात धरली, नखाने ठोकून कानाला लावली. सगळे वाट बघत होते.

“मले माहित नाई!” ते ओरडले.

पलीकडे बापूजींनी मान वळवली. “काय म्हनला गा थो?”

“माहित नाई म्हनले भाऊजी,” रुखमाबाई म्हणाली, आणि तिचाही तिच्या कानांवर विश्वास बसला नव्हता.

“खरंच माहित नाई, काका?” मुश्ताकने विचारलं. “का माह्यासाठी म्हनता?”

“अबे खरंच नाई ना! असं मी कधी पाह्यलंच नाई.” त्यांचा चेहरा उजळून निघाला होता. बाळीने कडेवरून हात लांबवून ती वस्तू मागितली, तर त्यांनी तिलाही दिली नाही.

“मंग ठेवा तिथी, ढिगात. बाकीच्याले पाहू द्या.”

“ठेवतो ना बे,” गुणवंतराव म्हणाले. “थांब ना जरा.” आणि ती वस्तू उलटीसुलटी करत ते तिथेच वाळूत मांडी घालून बसले.